लांबची गाडी पकडण्याआधी : वेटिंग रूम, लाऊंज आणि अर्ध्या तासाचा हिशेब

मागच्या भागात आपण दोन रात्रींच्या प्रवासाचं सामान कसं बांधायचं ते बोललो. आज त्याच्या पुढची पायरी. सामान बांधून झालं, रिक्षा करून स्टेशनवर पोहोचलो, गाडीला अजून दोन-अडीच तास आहेत. आता बसायचं कुठे आणि कसं?

तुम्ही म्हणाल, यात काय सांगण्यासारखं आहे, बसायचं आणि गाडी आली की चढायचं. मीही अगदी असंच समजत होते. मग चार वर्षांपूर्वी आईला घेऊन दादाकडून परत निघाले. दादा उत्तरेत नोकरीला असतो. गाडी एका मोठ्या जंक्शनवरून पकडायची होती, रात्री साडेदहाला. आईचं वय तेव्हा एकाहत्तर, गुडघे दुखरे, आणि साखरेचं औषध चालू. मी मोठ्या प्रेमाने तिला पैसे भरून एसी लाऊंजमध्ये बसवलं. मऊ खुर्च्या, गरम जेवण, स्वच्छ संडास. आई खूश, मीही खूश. आतल्या टीव्हीवर गाड्यांची यादी दिसत होती, आमच्या गाडीपुढे फलाट क्रमांक एक लिहिला होता. लाऊंजही एक नंबरलाच. म्हटलं, दाराबाहेर पडलं की गाडीत.

सव्वादहाला आम्ही बाहेर आलो तेव्हा कळलं की गाडी पाच नंबरला येते आहे, आणि ही घोषणा बाहेर गेली वीस मिनिटं चालू होती. आत काचेमागे एक शब्द ऐकू आला नव्हता. आतला पडदा तर आम्ही निघालो तेव्हाही एक नंबरच दाखवत होता. पूल चढलो, उतरलो, तोवर गाडी फलाटावर उभी. आमचा डबा एस-दोन, म्हणजे पार शेवटच्या टोकाला, आणि आम्ही मधोमध. सामान घेतलेला हमाल म्हणाला, "माताजी, पहले चढ़िए, डब्बा बाद में ढूँढिए." देव भलं करो त्याचं. समोर आला त्या एसी डब्यात आईला चढवलं आणि गाडी सुटली. मग एकाहत्तर वर्षांची बाई हलत्या गाडीत नऊ डबे ओलांडत, खानपानाच्या डब्यातून, झोपलेल्या माणसांच्या पायांमधून, माझा दंड धरून आपल्या बर्थपर्यंत आली. रात्रभर तिला झोप लागली नाही. सकाळी भुसावळच्या अलीकडे चहा घेताना एवढंच म्हणाली, "त्या गारठ्यात बसून पाय आखडले होते गं. उठवतच नव्हतं मला. तुला सांगणार होते, पण तू एवढे पैसे भरलेले."

त्या दिवसापासून मी या विषयाकडे नीट बघायला लागले. लाऊंज वाईट असतं असं मी सांगणार नाही. चांगलंच असतं. पण ते विमानतळावरच्या लाऊंजसारखं वापरलं की फसगत होते. विमानतळावर तुमचं विमान फार तर एका दारावरून दुसऱ्या दारावर जातं, आणि तुम्ही आला नाहीत तर नावाने पुकारा होतो. रेल्वे तुम्हाला नावाने हाक मारत नाही. इथे उठून निघायची वेळ आपली आपण ठरवायची.

आधी जागा कुठल्या कुठल्या असतात ते बघू, कारण बऱ्याच जणांना आपल्या तिकिटावर काय मिळतं हेच माहीत नसतं.

पहिली म्हणजे साधी वेटिंग रूम, पाटीवर लिहिलेलं प्रतीक्षालय. मोठ्या स्टेशनांवर ती साधारण दोन प्रकारची असते. एक वरच्या वर्गाची, म्हणजे एसी डब्यांचं तिकीट असलेल्यांसाठी, आणि एक स्लीपर आणि दुसऱ्या वर्गाची. बायकांसाठी वेगळी खोली बहुतेक ठिकाणी असते. याला पैसे पडत नाहीत. तुमचं तिकीट हाच तुमचा हक्क. दाराशी टेबल टाकून एक बाई किंवा गृहस्थ बसलेले असतात, वहीत पीएनआर आणि गाडीचा नंबर लिहून घेतात. अनेक जण ती वही बघूनच बिचकतात आणि बाहेर जिन्याखाली पिशव्यांवर बसून राहतात. मी स्वतः कितीदा पाहिलंय की आत बाकं रिकामी आहेत आणि बाहेर म्हातारी माणसं फरशीवर बसली आहेत. विचारा ना! तिकीट दाखवा, आत जा. संडास, पाणी, पंखा एवढं तरी तिथे असतंच. कुठे स्वच्छ असतं, कुठे नाक धरावं लागतं, ते खरं आहे.

दुसरी जागा म्हणजे पैसे भरून बसायचा एसी हॉल किंवा एक्झिक्युटिव्ह लाऊंज. नवी दिल्ली, जयपूर, आग्रा, अहमदाबाद, मदुराई, सियालदह अशा स्टेशनांवर आयआरसीटीसीची लाऊंज आहेत. नवी दिल्लीचं २०१६ साली अजमेरी गेटच्या बाजूला सुरू झालं. इथे हिशेब तासांवर असतो. पहिल्या काही तासांचा एक दर, पुढे प्रत्येक तासाला जादा. जेवण कुठे त्यातच धरलेलं असतं, कुठे वेगळं. आंघोळीची सोय काही ठिकाणी आहे, तिचे पैसे निराळे. दर बदलत राहतात, म्हणून मी आकडा सांगत नाही. दाराशी लावलेला असतो तो वाचूनच आत जा. काही बँकांच्या कार्डांवर दोन रुपयांत प्रवेश मिळतो, पण तीन महिन्यांतून किंवा वर्षातून ठरावीक वेळाच. आपलं कार्ड चालतं का, हे घरी बसून बँकेच्या ॲपमध्ये बघा. काउंटरवर मागे रांग लागलेली असताना नव्हे.

आता यातली एक गंमत सांगते, कारण ती स्लीपरने जाणाऱ्यांच्या कामाची आहे. फुकटच्या वेटिंग रूममध्ये तिकिटाचा वर्ग बघतात, पण पैसे भरायच्या लाऊंजमध्ये बघत नाहीत. तिथे गाडीचं तिकीट आणि पैसे दिले की झालं. म्हणजे स्लीपरचं तिकीट घेऊन वरच्या वर्गाच्या फुकट खोलीत बसता येत नाही, पण शेजारच्या लाऊंजमध्ये बसता येतं. स्लीपर आणि थ्री-एसीच्या तिकिटात जो फरक असतो, त्याच्या एका लहानशा भागात दोन तास थंड हवा, बरा संडास आणि फोनला चार्जिंग मिळतं. मे महिन्यात नागपूर-भोपाळच्या पट्ट्यातून स्लीपरने जाणाऱ्याला याची किंमत कळेल.

तिसरी जागा रिटायरिंग रूम. ही मात्र बसायची नव्हे, झोपायची. खोली किंवा डॉर्मिटरीतली खाट. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो, जास्तीत जास्त ४८ तास मिळते, ऑनलाइन बुक करता येते. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये रेल्वेचं पहिलं पॉड हॉटेल सुरू झालं, तेही याच जातीतलं, फक्त खोलीऐवजी एका माणसापुरती बंद पेटी. ज्यांची एक गाडी पहाटे चारला उतरवते आणि दुसरी रात्री दहाला आहे, त्यांनी लाऊंजच्या भानगडीत न पडता इकडे बघावं. अठरा तास खुर्चीत काढून वर पुन्हा स्लीपरचा प्रवास केला की माणूस आजारी पडतो. हे मी अनुभवाने सांगते आहे, पण तो किस्सा पुन्हा कधीतरी.

या खोल्यांमध्ये कुणी बसायचं आणि कुणी नाही, हा प्रश्न मात्र नुसता सोयीचा कधीच नव्हता. १८९३च्या जून महिन्यात दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्ग स्टेशनवर पहिल्या वर्गाचं तिकीट असूनही गांधीजींना गाडीतून उतरवलं, तेव्हा ती थंडीची रात्र त्यांनी तिथल्या वेटिंग रूममध्ये काढली. त्यांचा ओव्हरकोट सामानात होता आणि सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात. मागायला गेलो तर पुन्हा अपमान होईल म्हणून त्यांनी तो मागितलाच नाही, कुडकुडत बसले. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातली गोष्ट तर याहून जवळची. १९०१च्या सुमाराला मसूर स्टेशनवर चार मुलं गाडीतून उतरली, कोरेगावला वडिलांकडे जायला. न्यायला कुणी आलं नव्हतं. नीटनेटके कपडे बघून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करायला आला, आणि मुलं महार आहेत असं कळताच मागे सरला आणि आपल्या खोलीत निघून गेला. त्यांतला एक मुलगा म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे लिहून ठेवलंय. बैलगाडीवाले न्यायला तयार नव्हते. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर.

हे मी भाषण करायला सांगत नाही. वेटिंग रूमच्या दाराशी वही बघून बिचकणारा माणूस मला दिसतो तेव्हा मला हे आठवतं, एवढंच. आज त्या वहीत फक्त तिकीट विचारतात.

आणि थांबायची जागा ही जिवाचीही गोष्ट आहे. १५ फेब्रुवारी २०२५ला, कुंभमेळ्याच्या दिवसांत, नवी दिल्ली स्टेशनवर चेंगराचेंगरी झाली. १८ माणसं गेली. प्रयागराजला जाणाऱ्या दोन गाड्यांच्या नावातल्या सारखेपणामुळे लोकांचा घोटाळा झाला आणि गर्दी जिन्यावर लोटली. त्यानंतर रेल्वेने गर्दीच्या ६० स्टेशनांबाहेर माणसांना थांबवायला कायमच्या जागा करायचं ठरवलं. माझं म्हणणं असं की सणासुदीला, छट-दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुट्टीत फलाटावर आणि विशेषतः पुलावर, जिन्यावर थांबूच नका. वेटिंग रूम भरली असेल तर मोकळ्या आवारात थांबा. जिना ही चालायची जागा आहे.

त्यातूनच एक छोटी सवय लावून घ्या. गाडी नावाने ओळखू नका, नंबरने ओळखा. डिसेंबर २०१०पासून गाड्यांना पाच आकडी नंबर आहेत. आपण मराठी माणसं देशभर पसरलेलो. सिकंदराबादला घोषणा तेलुगूत होते, बंगळुरात कन्नडमध्ये, हावड्याला बांगलात, आणि मग हिंदी-इंग्रजीत. गर्दीच्या गोंगाटात नाव निसटतं, पण पाच आकडे कुठल्याही भाषेत दोन-तीनदा ऐकले की कानाला सापडतात. माझ्या आईला तेलुगूतले शून्य ते नऊ आता पाठ आहेत. एवढ्याच कामासाठी शिकली ती.

आता लाऊंजमध्ये बसल्यावर करायचं काय? लोक आत शिरतात, फोन उघडतात आणि दोन तास संपतात. अहो, ही तुमच्या रात्रीची तयारी आहे. स्लीपरच्या डब्यात जे नीट होणार नाही ते सगळं इथे उरकायचं. तोंड-हात-पाय धुवा, रात्रीचे सैल कपडे इथेच घाला, दात इथेच घासा. संडासला निघायच्या आधी शेवटचं एकदा जाऊन या. उभ्या गाडीत बेसिनशी रांग असते आणि गाडी सुटल्यावर आपल्याला तोल सांभाळावा लागतो. वयस्कर माणसांना तर हे फारच.

फोन इथेच पूर्ण चार्ज करा. डब्यात सॉकेट असतात, पण आगीच्या भीतीमुळे रात्री अकरा ते पहाटे पाच ते बंद ठेवायचे, अशी सूचना रेल्वेने २०२१ मध्ये दिली होती. साडेदहाला चढलात तर हातात अर्धाच तास उरतो, आणि तोही सॉकेट मोकळा मिळाला तर.

जेवणाबाबतीत माझा अनुभव असा की लाऊंजच्या ताटाला भुलू नये. पैसे दिलेत म्हणून पनीर, पुलाव, गुलाबजाम सगळं घेतलं की रात्री वरच्या बर्थवर पोट तुम्हाला झोपू देत नाही. गाडीच्या दोन तास आधी साधं काहीतरी, वरण-भात किंवा दही-भात. घरचा डबा असेल तर लाऊंजमध्ये उघडू देतात का ते विचारा. नसेल देत, तर तो गाडीत ठेवा आणि इथे फक्त चहा घ्या. ज्यांना जेवणाआधी गोळी किंवा इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यांनी ते गाडीत चढल्यावर जेवू या भरवशावर ठेवू नये. गाडी तासभर उशिरा आली तर सगळं वेळापत्रक कोलमडतं. आईचं औषध आणि जेवण आता स्टेशनवरच आटपतं.

बर्थचाही विचार इथे बसूनच करून ठेवा. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात उघडायचा असा नियम आहे. म्हणजे तुमची गाडी आठची असेल तर चढल्या चढल्या झोपायला मिळेल असं धरू नका. खालच्या बर्थवर तिघं बसणार, दहापर्यंत. गुडघेदुखीचं माणूस असेल तर त्याला स्टेशनवरच थोडा वेळ पाय लांब करून बसू द्या. उलट गाडी साडेदहा-अकराची असेल तर सगळे झोपलेले असतात, दिवे मालवलेले असतात. तेव्हा पांघरूण, पाण्याची बाटली, बॅटरी, चपला ठेवायची पिशवी हे हाताशी येईल असं वरच्या कप्प्यात इथेच काढून ठेवा. अंधारात बॅगेची चेन करकर वाजवत बसणारा सहप्रवासी आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो आपण होऊ नये. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांना तिकीट काढतानाच, शिल्लक असेल तर, खालचा बर्थ द्यायची पद्धत आहे. नसेल मिळाला तर टीसीला विचारायचं, पण ते गाडीत.

आणि आई म्हणाली ते लक्षात ठेवा. गारव्यात सलग बसलं की पाय आखडतात. दर अर्ध्या तासाने उठवा, दारापर्यंत चालवून आणा. त्या चकरेत बाहेरची घोषणाही कानावर पडते.

आता मुख्य गोष्ट. निघायचं कधी?

याला एकच उत्तर नाही, कारण गाडी तुमच्या स्टेशनातून सुटते आहे की नुसती थांबून पुढे जाते आहे, यावर सगळं अवलंबून आहे. सुटणारी गाडी आधीच फलाटाला लागते, डबे उघडे असतात, घाई नसते. अशा गाडीला सुटायच्या पंचवीस-तीस मिनिटं आधी निघालं तरी चालतं. उन्हाळ्यात उभ्या स्लीपरच्या डब्यात तासभर आधी जाऊन बसणं म्हणजे भट्टीत बसणं, तेव्हा लाऊंजच बरं. येऊन थांबणारी गाडी मात्र दोन, पाच, फार तर दहा मिनिटं उभी राहते. तिच्यासाठी मी गाडी येण्याच्या चाळीस मिनिटं आधी उठते. लोकांना हे फार वाटतं. हिशेब करून बघा. एलएचबी पद्धतीचा एक डबा साधारण २४ मीटर लांब. बावीस डब्यांची गाडी म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त. चुकीच्या टोकाला उभे असाल तर वयस्कर माणसाला दुसऱ्या टोकाला जायला दहा-बारा मिनिटं लागतात. पूल चढून उतरायला आणखी दहा. लिफ्ट असेल तर तिची रांग. आणि फलाट बदलला तर हे सगळं पुन्हा एकदा. झाली की नाही चाळीस मिनिटं?

स्टेशनाची ठेवणही बघावी लागते. मुंबईचं सीएसएमटी, हावडा, चेन्नई सेंट्रल ही टोकाची स्टेशनं. तिथे रूळ संपतात, फलाट सगळे एका बाजूला मोकळ्या आवारात उघडतात, बहुतेक वेळा जिना चढावा लागत नाही. चालणं असतं, पण सपाटीवर. नवी दिल्ली, नागपूर, भोपाळ, पुणे इथे गाड्या आरपार जातात, पूल चुकत नाही. नवी दिल्लीला सोळा फलाट आहेत. पहाडगंजच्या बाजूला एक नंबर, अजमेरी गेटच्या बाजूला सोळा. गाडी तीन नंबरला आणि तुम्ही सोळाच्या बाजूच्या लाऊंजमध्ये बसलेले, म्हणजे सामानासकट स्टेशन आडवं ओलांडायचं. त्यामुळे लाऊंज कुठलं चांगलं यापेक्षा गाडीच्या बाजूचं कुठलं, हे आधी बघा. चांगलं लाऊंज लांब असेल आणि साधी वेटिंग रूम फलाटाजवळ असेल तर मी साध्या वेटिंग रूमला मत देते.

गाडी कुठवर आली हे एनटीईएसवर किंवा १३९ला फोन करून कळतं. डब्यांचा क्रमही ॲपवर दिसतो. पण फलाटाचा नंबर ॲपवर दिसला तरी तो अंदाज समजायचा. स्टेशनवरची मुख्य पाटी आणि चालू घोषणा यांच्यावरच विश्वास ठेवायचा. लाऊंजमधल्या टीव्हीवर तर बिलकूल नाही, हे माझं वैयक्तिक मत, आणि ते मला महागात पडून मिळालेलं आहे. दोघं असाल तर एकाने दर वीस मिनिटांनी बाहेर जाऊन यावं. एकटे असाल तर फोनवर गजर लावा, निघायच्या वेळेचा. गाडीच्या वेळेचा लावून काय उपयोग?

एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींना आणि बायकांना एवढंच सांगेन की रात्री उशिराची गाडी असेल तर थोडे पैसे गेले तरी माणसांचा राबता असलेली, दाराशी नोंद ठेवणारी जागा निवडा. बायकांची वेटिंग रूम उत्तम, पण ती फलाटाच्या अगदी टोकाला, अंधारात असेल तर तिथे बसायचा हट्ट नको. सुरक्षेची तक्रारही १३९वरच करता येते. सामान अनोळखी माणसावर सोपवून संडासला जाऊ नका. मोठी बॅग क्लोक रूममध्ये टाका. तिला कुलूप मात्र हवं, बिनकुलपाची घेत नाहीत.

गाडी उशिरा असेल तर? डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडतं आणि गाड्या पाच-पाच, सात-सात तास रखडतात. लाऊंजचं मीटर चालूच राहतं. आधी बघा, गाडी कुठे आहे. तुमच्या स्टेशनवर ती तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्हाला जायचंच नसेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. ऑनलाइन तिकिटाला त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर भरावा लागतो. काउंटरचं तिकीट खिडकीवर परत द्यावं लागतं, तेही गाडी सुटायच्या आतच. लाऊंजमध्ये आरामात झोपून गेलात आणि गाडी निघून गेली, तर मग तो हक्क गेला. जायचंच असेल आणि उशीर पाच-सहा तासांचा असेल, तर तासाचा दर आणि रिटायरिंग रूमच्या खाटेचा दर शेजारी ठेवून बघा. खाट बऱ्याचदा स्वस्त पडते, आणि आडवं व्हायला मिळतं.

या जानेवारीत आई माझ्याकडे हैदराबादला आली होती. परत पुण्याला जायची गाडी रात्रीची, इथूनच सुटणारी. मी म्हटलं, आई, जरा आरामात बसू, पैसे भरून. ती नको म्हणाली. साध्या वेटिंग रूममध्ये, दाराशेजारचं बाक तिने स्वतः निवडलं. दहीभात खाल्ला, गोळी घेतली, शेजारच्या सोलापूरच्या बाईंशी ओळख काढली, तिळाच्या वड्या वाटल्या. मी फोनमध्ये काहीतरी बघत होते. तेवढ्यात बाहेर तेलुगूत काहीतरी सुरू झालं, आणि हिंदीत यायच्या आत आई चपला घालून उभी. "उठ," म्हणाली, "आपला नंबर होता. फलाट मात्र ऐकू आला नाही, तेवढं तू बघ."